कोर्टात दावा चालू असताना फेसबुकवर भांडावं का?

सायंतारा (धागाकर्ती)

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते, कारण नुसतं 'लिहू नको' म्हटलं तर ती ऐकणार नाही, आणि मलाही कारणं नीट मांडता येत नाहीयेत.

माझ्या मामेबहिणीने भागीदारीत बरीच वर्षं व्यवसाय केला. आता फाटलं आहे. हिशोब, व्यवसायाचं नाव कोणी वापरायचं, जुनी गिऱ्हाइकं कोणाची यावरून दिवाणी दावा दाखल झालाय. मागच्या आठवड्यात भागीदाराने नाव न घेता फेसबुकवर एक पोस्ट टाकली. 'विश्वासाने तिजोरीच्या किल्ल्या दिल्या होत्या' वगैरे. ओळखीच्या प्रत्येकाला कळलं कोणाबद्दल आहे ते. खाली सहानुभूतीच्या कॉमेंटी, आणि त्यांत आमच्या ताईची माणसंही आहेत.

ताईने उत्तर लिहून ठेवलंय. मोठं आहे, तारखांसकट. तिचं म्हणणं, 'निकाल लागायला वर्षं जातील, तोवर मी चोर म्हणून फिरू का?' मला हा प्रश्न रास्त वाटतो. तरी आतून वाटतंय की ती पोस्ट टाकली तर नुकसान तिचंच होईल. का होईल, किंवा होणार नाही, हे अनुभवी मंडळींनी सांगावं.

---

रोखठोक

टाकू दे पोस्ट. गप्प बसणाऱ्याचीच चूक असते असं लोक धरून चालतात. समोरच्याने सुरुवात केली आहे.

---

दीपमाळ

पोस्ट वहीत लिहून काढावी आणि वही वकिलाकडे द्यावी. लाइक मिळणार नाहीत, पण वाचणारा माणूस मन लावून वाचेल. :)

---

विधिज्ञ_अनंत

वकिली करतो, बहुतेक दिवाणी कामं. इथे लिहितो तो सल्ला समजू नये, ताईंनी स्वतःच्या वकिलांना विचारावं. पण एक गोष्ट पक्षकारांना सांगूनही पटत नाही, ती इथे मांडतो.

पुराव्याच्या कायद्यात पक्षकाराचं स्वतःचं विधान एकाच दिशेने चालतं. पूर्वी १८७२ चा कायदा होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. तत्त्व तेच राहिलं. तुम्ही कुठेही केलेलं विधान 'कबुली' म्हणून तुमच्याविरुद्ध सिद्ध करता येतं. तेच विधान तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून मात्र तुम्हाला वापरता येत नाही. थोडे अपवाद आहेत, ते अशा पोस्टला क्वचितच लागू पडतात.

म्हणजे ताईंनी पोस्टमध्ये शंभर खऱ्या गोष्टी लिहिल्या तरी त्यांतली एकही न्यायालयात त्यांच्या कामाची नाही. त्या गोष्टी त्यांना शपथेवर, कागदपत्रांसह पुन्हा सिद्ध कराव्याच लागतील. त्या शंभरांत एक वाक्य सैल निघालं तर ते समोरच्या वकिलाच्या कामाचं. 'हो, मार्चमध्ये मीच खात्यातून पैसे काढले, पण ते माझेच होते' असं कोणी लिहिलं, तर पहिला अर्धा भाग कबुली होतो आणि दुसरा अर्धा सिद्ध करण्याचा बोजा लिहिणाऱ्यावर येतो. समोरच्याला बँकेचा साक्षीदार बोलवायचीही गरज उरत नाही.

आणि तारखा! माणूस रागात तारखा आठवणीतून लिहितो. दाव्यात वेगळी तारीख, शपथपत्रात वेगळी, पोस्टमध्ये तिसरी. उलटतपासणीत तिन्ही समोर ठेवून विचारलं जातं, 'यांतली खरी कोणती?' तिथे प्रामाणिक माणूसही गोंधळतो, आणि त्याच्या बाकीच्या साक्षीवरचा विश्वास कमी होतो.

---

रोखठोक

@विधिज्ञ_अनंत, मग भागीदाराच्या पोस्टलाही हेच लागू ना?

---

विधिज्ञ_अनंत

अर्थात. म्हणूनच ताईंच्या वकिलांनी ती पोस्ट जपून ठेवायला हवी. त्यावर उत्तर दिलं तर तो सावध होईल, काढून टाकेल, किंवा 'आम्ही दोघंही रागात होतो' म्हणायला मोकळा होईल. आत्ता एकच बाजू बोलतेय हे ताईंच्या फायद्याचं आहे.

---

हेमांगी

मी हिशोब सांभाळते. पूर्वी जिथे होते तिथे दोन संचालकांचं भांडण झालं. पहिली चकमक ईमेलवर, सगळ्या पुरवठादारांना प्रत पाठवून. एकाने लिहिलं, 'कंपनीकडे पैसे नाहीत कारण यांनी ते फिरवले.' त्याला दुसऱ्याला उघडं पाडायचं होतं. पुरवठादारांनी वाक्याचा पहिला अर्धाच वाचला. उधारी बंद झाली, माल आगाऊ रकमेवर मिळायला लागला. चांगली माणसं दुसरीकडे नोकऱ्या शोधायला लागली. दाव्यात ज्या कंपनीच्या मूल्यांकनावरून वाद होता ती कंपनीच निम्मी झाली, आणि शेवटी वाटणी झाली तेव्हा दोघांच्या वाट्याला कमी आलं.

सायंतारा, तुमच्या ताईंचा दावा व्यवसायाच्या नावाबद्दल आहे म्हणता. त्या नावाची किंमत गिऱ्हाइकांच्या मनात आहे. दोघं मिळून जाहीरपणे ते नाव खराब करत असतील तर जिंकणाऱ्याच्या हाती काय लागणार?

---

चौकटीबाहेर

हेमांगी यांचा प्रतिसाद फार पटला.

अवांतर: अमेरिकेतली ती ८० हजार डॉलरची गोष्ट माहीत नसेल तर सांगतो. फ्लोरिडातल्या एका खासगी शाळेच्या माजी मुख्याध्यापकाने वयावरून भेदभाव केल्याचा दावा लावला होता. तडजोड झाली, त्यातले ८० हजार त्याला मिळणार होते. अट अशी की तडजोडीबद्दल बाहेर बोलायचं नाही. त्याने मुलीला सांगितलं. मुलीने काही दिवसांतच फेसबुकवर लिहिलं की आईबाबा खटला जिंकले, माझ्या युरोपच्या सुट्टीचे पैसे आता शाळा देतेय, आणि वर शाळेला उद्देशून एक हेटाळणीचा शब्द. तिचे सुमारे १२०० फेसबुक मित्र, त्यांत शाळेचे आजी-माजी विद्यार्थी. शाळेने ते ८० हजार द्यायला नकार दिला आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला.

---

पिंपळपान

बाप रे. म्हणजे भांडण संपल्यावरही धोका आहेच.

---

आडवाट

मला वाटतं लगेच सगळं डिलीट करावं. ताईंच्या जुन्या पोस्ट, भागीदाराबरोबरचे फोटो, चॅट. काही ठेवूच नये, म्हणजे कोणी वापरणार नाही.

---

विधिज्ञ_अनंत

@आडवाट, कृपया असं करू नका आणि कोणाला सांगूही नका. दावा चालू असताना पुरावा ठरू शकेल असा मजकूर नष्ट करणं हे नवं संकट आहे. व्हर्जिनियातल्या एका अपघाताच्या दाव्यात वकिलाने अशिलाला फेसबुक 'साफ' करायला सांगितलं. नुकसानभरपाई मागणाऱ्या त्या विधुराने फोटो काढून टाकले. ते उघडकीला आलं तेव्हा न्यायालयाने वकिलाला ५ लाख ४२ हजार आणि अशिलाला १ लाख ८० हजार डॉलर भरायला लावले. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. मूळ दाव्यात त्याची बाजू भक्कम होती हे विशेष.

आपल्याकडे एवढ्या मोठ्या रकमा ऐकू येत नाहीत. पण पुरावा दडवणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढायची, म्हणजे तो पुरावा त्याच्या विरोधातच गेला असता असं धरायची मुभा न्यायालयाला आहेच. जुनं आहे तसं ठेवा, नवं लिहू नका.

---

रोखठोक

बरं, एक उलट उदाहरण देतो. इंग्लंडमधल्या दोन फुटबॉलपटूंच्या बायका, कॉलीन रूनी आणि रेबेका वार्डी, यांचं प्रकरण. रूनीने २०१९ मध्ये सगळ्या जगासमोर लिहिलं की माझ्या खासगी गोष्टी वार्डीच्या खात्यातून वृत्तपत्राकडे जातात. वार्डीने बदनामीचा दावा लावला आणि २०२२ मध्ये ती हरली. जाहीर लिहिणारी जिंकली! मग?

---

चौकटीबाहेर

@रोखठोक, चांगलं उदाहरण आहे, पण नीट बघा. रूनीने लिहिलं ते दाव्याच्या आधी, आणि लिहिण्याआधी तिने काही महिने सापळे लावले होते. खोट्या गोष्टी फक्त त्या एका खात्याला दिसतील अशा टाकायच्या आणि त्या छापून येतात का ते बघायचं. राग आला आणि लिहिलं, असं तिथे झालेलं नाही.

जी हरली तिच्याकडे बघितलं तर हा धागा अजूनच पटतो. नाव साफ करायला न्यायालयात गेली आणि एजंटबरोबरचे खासगी व्हॉट्सअ‍ॅप संदेश जगाने वाचले. एजंटचा फोन उत्तर समुद्रात पडला म्हणे, न्यायाधीशांनी ते अपघाताने झाल्याचं मानलं नाही. वर रूनीच्या खर्चाचा ९० टक्के भाग भरण्याचा आदेश.

---

निर्झरा

घटस्फोटाच्या प्रकरणांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी समुपदेशक आहे.

इथे जाहीर भांडण सगळ्यात जास्त होतं आणि सगळ्यात जास्त महागात पडतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ही सुनावणी बंद दालनात होते आणि त्यातला मजकूर छापणं, प्रसिद्ध करणं बेकायदा आहे. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल परवानगीने छापता येतो, तेवढाच अपवाद. हे बहुतेकांना माहीतच नसतं.

दुसरं, दाव्यानंतरची वागणूकही मोजली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या एका निकालात म्हटलंय की जोडीदारावर निराधार, बदनामीकारक आरोप करणं, त्याच्या नोकरी-धंद्यावर परिणाम होईल अशा नोटिसा किंवा बातम्या देणं ही प्रकरण पाहून मानसिक क्रूरता ठरू शकते. २०२१ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीने वरिष्ठांकडे केलेल्या तक्रारींबद्दलही तसंच झालं. तिथे पतीला घटस्फोट मिळाला, आणि कारण त्या तक्रारींनीच पुरवलं.

मुलं असतील तर मला आणखी बोलायचंय. ताबा कोणाकडे हे ठरवताना न्यायालय मुलाचं हित बघतं. दुसऱ्या पालकाबद्दल मुलाच्या मनात विष कालवत नाही असा पालक न्यायाधीशांना हवा असतो. 'माझ्या लेकराचा बाप राक्षस आहे' अशी जाहीर पोस्ट त्या पालकाविरुद्ध बोलते. आणि ती पोस्ट ते लेकरू मोठं झाल्यावर वाचतं. माझ्यासमोर अशी मुलं बसलेली आहेत. कोण खरं होतं हे ती विचारत नाहीत, 'शाळेतल्या सगळ्यांना हे माहीत होतं का?' असं विचारतात.

---

पिंपळपान

निर्झरा, वाचून गलबललं.

आमच्या नात्यात वाटणीचा दावा होता. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कुटुंबाच्या ग्रुपमध्ये रोज रात्री युद्ध. ग्रुप 'घरचा' म्हणून काकांनी मोकळेपणाने लिहिलं की वडिलांनी जमीन हयातीतच वाटून दिली होती. दाव्यात त्यांचं म्हणणं होतं की वाटणी झालीच नाही. ग्रुपमधल्याच कोणीतरी स्क्रीनशॉट वकिलाला दिला.

---

तिरकीरेघ

पण स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालत नाही ना? कोणीही बनवू शकतो.

---

विधिज्ञ_अनंत

हा फार प्रचलित गैरसमज आहे. नुसती छापील प्रत पुढे केली तर हरकत घेता येते, खरं. पण साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली (जुनं ६५-ब) प्रमाणपत्र जोडलं की मार्ग मोकळा होतो. नव्या नमुन्यात तज्ज्ञाचीही सही लागते आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन खोतकर यांच्या निवडणूक प्रकरणात हे प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं. त्याच निकालात असंही आहे की मूळ उपकरणच मालकाने साक्षीला उभं राहून हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. म्हणजे ग्रुपमधला पुतण्या आपला फोन घेऊन साक्षीला आला की झालं.

आणि उलटतपासणीत 'हा मेसेज तुमचा का?' असं शपथेवर विचारल्यावर बहुतेक माणसं नाही म्हणू शकत नाहीत. म्हणूही नये.

---

सेतू

मी मध्यस्थीचं काम करतो. अनंत यांनी पुराव्याची बाजू मांडली, मला दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

दिवाणी वाद बऱ्याचदा तडजोडीने मिटू शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ मध्ये न्यायालयानेच पक्षकारांना तिकडे पाठवायची सोय आहे, आणि मध्यस्थीत बोललेलं गोपनीय राहतं. ती गोपनीयता का दिली आहे? माणसाला मागे येता यावं म्हणून. बंद खोलीत माणूस म्हणतो, 'चला, हिशोबातली ती रक्कम सोडतो, नाव मला द्या.' त्याला कोणी बघत नसतं.

जाहीर पोस्ट टाकली की हीच वाट बुजते. 'एक पैसाही सोडणार नाही' असं चारचौघांत लिहिलेलं असतं. आता तडजोड केली तर ज्यांनी खाली 'लढ, आम्ही तुझ्यासोबत आहोत' लिहिलं त्यांना काय सांगायचं? माझ्यासमोर दोन्ही पक्ष आकड्यावर जवळजवळ एकमत होऊन उठून गेलेले आहेत, कारण एकाला दुसऱ्याची जाहीर माफी हवी होती आणि दुसऱ्याला ती देणं शक्य नव्हतं. मूळ वादात माफीची मागणी नव्हतीच. ती पोस्टमुळे जन्माला आली.

कॉमेंट करणारे वाईट नसतात. पण त्यांना तारखेला यावं लागत नाही, फी भरावी लागत नाही.

---

दीपमाळ

दोन्हीकडचे वकील कोर्टाबाहेर एकमेकांची विचारपूस करतात, भांडतात फक्त अशील, हे मी पाहिलेलं आहे. :)

---

कोरापाट

न्यायप्रविष्ट प्रकरणावर बोलणं म्हणजे न्यायालयाचा अवमान ना? मग प्रश्नच मिटला.

---

विधिज्ञ_अनंत

नाही, एवढं सरसकट नाही. १९७१ च्या अवमान कायद्यातच कलम ४ आहे, कामकाजाचं वाजवी आणि अचूक वार्तांकन अवमान ठरत नाही. न्यायाच्या कामात अडथळा येईल, कल प्रभावित होईल, न्यायालयाची अप्रतिष्ठा होईल असं लिहिलं तर प्रश्न येतो. 'न्यायाधीश विकले गेलेत' हे त्यात येऊ शकतं. साक्षीदाराला टॅग करून 'बघू कोण साक्ष देतो' लिहिणं तर फारच धोक्याचं.

खरी भीती बदनामीची. दाव्यात लिहिलेल्या मजकुराला न्यायालयीन कामकाजाचा भाग म्हणून जे संरक्षण मिळतं ते फेसबुकवर मिळत नाही. तोच आरोप, तेच शब्द, जागा बदलली की नवा दावा. बदनामी आपल्याकडे गुन्हाही आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. म्हणजे दिवाणी वादातला माणूस फौजदारी प्रकरणात आरोपी म्हणून उभा.

---

चौकटीबाहेर

बदनामीवरून दोन उदाहरणं, दोन्ही गाजलेली.

हॉलिवूडमधलं घटस्फोटित जोडपं जॉनी डेप आणि अँबर हर्ड, २०२२. डेप जिंकला हेच सगळ्यांच्या लक्षात आहे. पण हर्डलाही ज्यूरीने २० लाख डॉलर दिले होते, तेही डेपच्या तेव्हाच्या वकिलाने वृत्तपत्राला केलेल्या एका विधानाबद्दल. बोलला वकील, भुर्दंड अशिलाला. (पुढे डिसेंबर २०२२ मध्ये दोघांनी तडजोड केली.)

दुसरं, लेखिका ई. जीन कॅरल विरुद्ध डोनाल्ड ट्रम्प. तिने केलेला लैंगिक अत्याचाराचा आरोप ट्रम्प जाहीरपणे खोटा म्हणत होते. मे २०२३ मध्ये ज्यूरीने ५० लाख डॉलर द्यायला सांगितले. दुसऱ्याच दिवशी ट्रम्प टीव्हीवर तिच्याबद्दल पुन्हा तसंच बोलले. आधीच्या विधानांबद्दलचा दुसरा खटला बाकी होता. तिच्या वकिलांचा मुद्दा सोपा होता, एवढ्या रकमेने हे थांबत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये आकडा आला ८ कोटी ३३ लाख डॉलर, त्यातले साडेसहा कोटी निव्वळ दंडात्मक.

---

तिरकीरेघ

मला एक बाजू राहून गेल्यासारखी वाटते. दुबळ्याकडे आवाजाशिवाय काय असतं? लंडनमध्ये दोन कार्यकर्त्यांवर मॅकडॉनल्ड्सने पत्रकावरून बदनामीचा दावा लावला होता. त्यांना वकील परवडत नव्हता, स्वतः लढले. १९९७ मध्ये निकाल बराचसा कंपनीच्या बाजूने लागला, पण तोवर जगभर नाचक्की कंपनीची झाली होती, आणि २००५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या दोघांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही असं म्हटलं. ते गप्प बसले असते तर?

---

सेतू

@तिरकीरेघ, सहमत, आणि हा फरक केलाच पाहिजे. तिथे प्रश्न सार्वजनिक हिताचा होता आणि लोकांना तो कळणं हाच लढ्याचा भाग होता. प्रदूषण, फसवी योजना, असुरक्षित इमारत, अशा ठिकाणी गप्प बसा असं मी सांगणार नाही. तिथेही कागद दाखवता येईल तेवढंच लिहावं.

दोन भागीदारांच्या हिशोबात लोकांचं हित काय? निकालाने त्यांचं काहीच बदलत नाही. ते दोन दिवस वाचतात आणि पुढे जातात.

---

रोखठोक

सेतू यांचा हा मुद्दा मला मान्य. पण सायंतारा यांचा मूळ प्रश्न तसाच राहिला. निकाल लागेपर्यंत ताईंनी चोर म्हणून फिरायचं का? याचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

---

हेमांगी

मला वाटतं 'लोक' मोठे धरल्यामुळे हे अवघड होतंय. ताईंचं पोट ज्यांच्यावर आहे ती गिऱ्हाइकं आणि ज्यांच्याशिवाय त्यांना झोप लागणार नाही ती माणसं, एवढ्यांचीच यादी केली तर ती छोटी निघेल. त्यांना भेटावं. तपशील न सांगता एवढंच म्हणावं की वाद आहे, कोर्टात आहे, मी माझी बाजू तिथे मांडतेय. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर विश्वास बसतो, मोठ्या पोस्टवर बसत नाही.

---

विधिज्ञ_अनंत

उत्तम. आणि भागीदाराची पोस्ट खरंच बदनामीकारक असेल तर त्यावर वकिलामार्फत नोटीस, गरज पडल्यास दावा, हा मार्ग आहे. त्याची मुदत एकच वर्ष आहे, तेवढं लक्षात ठेवावं. पोस्ट, त्याखालच्या कॉमेंटी, तारीख, लिंक सगळं आजच साठवून ठेवा.

---

सायंतारा (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ताईला बसवून अख्खा धागा वाचून दाखवला. 'एकाच दिशेने चालतं' यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने स्वतःच तो मसुदा उघडला आणि दोन तारखा दाव्यातल्या तारखांशी जुळत नाहीत हे तिलाच दिसलं. तो आता वकिलांकडे दिलाय.

पण एक ओळही लिहायची नाही हे तिला जमेना, म्हणून तिने हे लिहिलंय. अनंतकाका, एकदा बघाल का?

'आमच्या व्यवसायासंबंधीचा वाद न्यायालयात आहे. त्याबद्दल मी इथे काही बोलणार नाही. सत्य लवकरच समोर येईल. जुन्या सर्व ग्राहकांची कामं ठरल्याप्रमाणे मीच पूर्ण करेन.'

---

विधिज्ञ_अनंत

तिसरं वाक्य काढा, तो आडून केलेला आरोपच आहे. चौथं तर नक्कीच काढा. जुने ग्राहक कोणाचे हाच दाव्यातला मुद्दा आहे ना? त्यावर ताकीद अर्ज (मनाई हुकूम मागणारा अर्ज) असेल तर हे वाक्य उद्याच त्याला जोडलं जाईल.

---

सायंतारा (धागाकर्ती)

मग पहिली दोनच वाक्यं राहतात.

---

विधिज्ञ_अनंत

हो. तीही आधी त्यांच्या वकिलांना दाखवा. आणि टाकलीच तर खाली कॉमेंट बंद ठेवायला सांगा.